साबणात, क्रीममध्ये इसेन्शियल ऑइल घालण्याआधी

दिवाळी तोंडावर आली की नाशिकला गंगापूर रोडवर डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनं लागतात, आणि हल्ली त्यात घरी केलेले साबण, केसांची तेलं, बॉडी बटर यांचे स्टॉल हमखास असतात. लव्हेंडर, गवती चहा, टी ट्री, संत्रं. वड्या सुबक कापलेल्या, वेष्टनही देखणं. स्टॉलवरच्या ताईंना एक विचारून पाहा: "यात इसेन्शियल ऑइल किती टक्के आहे?" उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "एकदम नॅचरल आहे हो, काही होत नाही." नॅचरल तर बिब्बाही असतो. तो उतला की अंगाचं काय होतं, हे घरातल्या आजीला विचारा.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. घरापुरता साबण करणारे, बचत गटातून विकू पाहणारे आणि नुसते विकत घेऊन वापरणारेही यात आले. मुद्दा एकच आहे, टक्केवारीचा. तेल किती घातलं, अंगाच्या कोणत्या भागाला लागणार आणि तिथे किती वेळ राहणार, एवढ्यावर बरंवाईट ठरतं. तेल महागाचं आहे की स्वस्तातलं, हा प्रश्न नंतरचा.

१. आधी बाटली वाचा

इसेन्शियल ऑइल म्हणजे पानं, फुलं, साली यांच्यातून वाफेने काढलेला सुगंधी अंश. लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल बहुधा दाबून काढतात. खोबरेल किंवा तिळाच्या तेलाशी त्याचं नावापुरतंच नातं. हे तेल उडून जातं, कागदावर तेलकट डाग जवळपास ठेवत नाही, आणि अतिशय तीव्र असतं. किती तीव्र? मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, म्हणून गुलाबाचंच उदाहरण घेऊ. एक किलो गुलाब तेलासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. मग दीडशे रुपयांना मिळणारी 'रोझ ऑइल'ची बाटली काय असेल, हे वेगळं सांगायला नको. ते कारखान्यात जुळवलेलं सुगंधद्रव्य असतं. त्याला फ्रेग्रन्स ऑइल म्हणतात.

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. फ्रेग्रन्स ऑइल म्हटलं की पुष्कळजणी नाक मुरडतात. पण ज्याच्यासोबत इफ्राचं प्रमाणपत्र मिळतं, ते फ्रेग्रन्स ऑइल मी कुळगोत्र माहीत नसलेल्या 'शुद्ध' तेलाच्या आधी उचलेन. इफ्रा ही सुगंधउद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था, १९७३ साली स्थापन झालेली. कोणता घटक कोणत्या प्रकारच्या उत्पादनात जास्तीत जास्त किती टक्के चालेल, याच्या मर्यादा ती ठरवते. उत्पादनांचे तिने बारा गट पाडले आहेत. ओठांना लावायचं, चेहऱ्याला लावायचं, धुऊन टाकायचं, असे. पुरवठादाराकडून हे प्रमाणपत्र मागायचंच. द्यायला कुरकुर करत असेल तर दुसरा पुरवठादार शोधायचा.

खऱ्या इसेन्शियल ऑइलच्या बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग वापरला, तेल कसं काढलं, बॅच नंबर आणि मुदत एवढं हवं. 'दालचिनी तेल' एवढंच लिहिलेलं असेल तर ते निरुपयोगी आहे. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड भरपूर असतं आणि ते त्वचेला फार त्रासदायक आहे. पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेतलंच द्रव्य. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या. 'थेराप्युटिक ग्रेड' या शब्दांनी मात्र हुरळून जाऊ नका. अशी कोणतीही सरकारी प्रत नसते, तो जाहिरातीचा मजकूर आहे. त्याऐवजी त्या बॅचचा जीसी-एमएस रिपोर्ट मागा. तेलात कोणतं रसायन किती टक्के आहे, याचा तो तक्ता असतो. सुरुवातीला काही कळणार नाही, तरी मागून फाइलला लावून ठेवा. पुढे कामाला येतो.

२. कुणासाठी आणि कुठे लावायचं, ते ठरवा

साबण, शाम्पू, उटणं धुऊन जातं. क्रीम, केसांचं तेल, बाम अंगावर राहतं. चेहऱ्याची त्वचा नाजूक, पायाच्या तळव्याची जाड. काखेत आणि नुकतंच दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या जागी तेल जास्त झोंबतं. पाककृती शोधण्याच्या आधी हे वहीत लिहून काढा.

काही माणसांसाठी आधीच नकार द्यायचा असतो. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी काही करायचं असेल तर इसेन्शियल ऑइल घालूच नका. बाळाच्या मालिशला साधं तेल पुरतं. आपल्याकडे खोबरेलात कापूर विरघळवून ते बाळाच्या छातीला, टाळूला लावायची पद्धत आहे. सर्दी झाली की निलगिरीचा रुमाल उशाशी ठेवतात. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर एकत्र करून केलेली अमृतधारा तर घरोघरी असते. यातला कापूर आणि निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी आकडी येऊ शकते. पुदिन्यातलं मेन्थॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नेलं तर त्याचा श्वास अडखळू शकतो. आजीने आम्हाला लावलंच की, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

फिट्स येणाऱ्या मोठ्या माणसांनीही कापूर, निलगिरी, रोझमेरी यांपासून लांब राहावं. दम्याच्या रुग्णाला तीव्र वासानेच त्रास होऊ शकतो. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

आणखी एक तेल वेगळं काढून सांगायला हवं: गंधपुरा. काष्ठौषधीच्या दुकानात सांधेदुखीसाठी सहज मिळतं, वासही ओळखीचा, दुखण्याच्या मलमासारखा. हे जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचा सख्खा भाऊ. चहाचा एक चमचा गंधपुरा पोटात जाणं म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्या एकदम घेण्यासारखं आहे. लहान मूल त्याने दगावू शकतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते अंगाला चोळणंही टाळावं. घरगुती बाममध्ये हे तेल वापरू नका, असंच मी नवख्यांना सांगते.

३. थेंब मोजू नका, वजन करा

या पायरीवर थोडं रेंगाळू, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

सगळ्या पाककृती थेंबांत लिहिलेल्या असतात. पण थेंब लहानमोठा होतो. तेल पातळ आहे की दाट, बाटलीचं तोंड केवढं आहे, हवा गार आहे की गरम, यावर एका मिलीलिटरमध्ये वीस थेंब बसतील की पस्तीस, ते ठरतं. म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या, सराफांकडे असतो तसल्या जातीचा. फार महाग येत नाही, आणि हा खर्च टाळून पुढे जाऊ नये.

हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅम उत्पादनात १ ग्रॅम तेल म्हणजे १ टक्का. नवख्या हातांनी सगळी इसेन्शियल ऑइल मिळून या मर्यादांत राहावं: चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये अर्धा टक्का, अंगाला किंवा केसांना लावून ठेवायच्या गोष्टींत १ टक्का, धुऊन टाकायच्या साबणात २, फार तर ३ टक्के.

ही झाली एकूण मर्यादा. तिच्या आत प्रत्येक तेलाची स्वतःची मर्यादा असते, आणि जी कमी असेल ती पाळायची. अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत लवंग तेल अर्ध्या टक्क्यापुढे नको. गवती चहाचं तेल ०.७ टक्क्यापुढे नको, कारण त्यात बराचसा भाग सिट्रालचा असतो, आणि सिट्राल अ‍ॅलर्जी आणू शकतं. दालचिनीच्या सालीचं तेल तर ०.१ टक्क्याच्याही खाली ठेवावं लागतं, म्हणून सरळ वगळाच.

समजा २०० ग्रॅम बॉडी बटर करायचं आहे. १ टक्क्याने तेल झालं २ ग्रॅम. त्यात लव्हेंडर १.२ ग्रॅम, गवती चहा ०.६ ग्रॅम, लवंग ०.२ ग्रॅम घेतलं. आता प्रत्येकाचं गणित: गवती चहा ०.३ टक्के, लवंग ०.१ टक्के. दोन्ही मर्यादेत, चाललं. आता उलटं उदाहरण. 'केसगळतीवर रामबाण' म्हणून फिरणाऱ्या मजकुरात १०० ग्रॅम खोबरेलात वीस थेंब लवंग तेल घाला असं असतं. वीस थेंब म्हणजे साधारण एक ग्रॅम, म्हणजे १ टक्का. मर्यादेच्या दुप्पट, तेही डोक्याच्या त्वचेवर, रात्रभर.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. वेगवेगळ्या तेलांत एकच रसायन असू शकतं आणि त्याची बेरीज होते. लवंग, दालचिनीची पानं आणि काही जातींची तुळस, तिन्हींत युजेनॉल. तिन्ही थोडी थोडी घातली तरी त्वचेच्या दृष्टीने ते एकाच द्रव्याचं मोठं प्रमाण होतं. फाइलला लावलेला जीसी-एमएस तक्ता इथे बाहेर काढायचा.

४. उन्हाचा विचार

बर्गामोट, कागदी लिंबू, मोठं लिंबू यांच्या सालीच्या, दाबून काढलेल्या तेलांत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात, कधी फोड येतात, आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. ही अ‍ॅलर्जी नाही. प्रमाण आणि ऊन पुरेसं असेल तर कुणालाही होऊ शकतं. दुचाकीवरून दुपारी सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्या माणसाच्या हातावर असं लोशन असेल तर काय होईल, याचा अंदाज करा.

अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत बर्गामोट ०.४ टक्के, दाबून काढलेलं कागदी लिंबाचं तेल ०.७ टक्के आणि मोठ्या लिंबाचं २ टक्के, या इफ्राच्या मर्यादा आहेत. दोन-तीन अशी तेलं एकत्र आली तर प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात आणखी घटवायचा. गोड संत्र्याच्या तेलाला ही अडचण नाही. वाफेने काढलेल्या कागदी लिंबाच्या तेलालाही नाही. साबणात, धुऊन जाणार म्हणून, फारशी काळजी नको.

बावचीचं तेल इसेन्शियल ऑइल नव्हे, पण घरगुती केशतेलांत ते शिरलेलं दिसतं म्हणून इथेच सांगते. त्यात सोरॅलेन असतं, तेही फ्युरानोकुमारिनच. कोडावर उन्हासोबत जो उपचार करतात, तो याच गुणामुळे. वैद्याच्या देखरेखीशिवाय ते अंगाला लावून उन्हात जाऊ नये.

५. साठवण

मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या डिकीत, गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलेलं तेल हवेशी संयोग पावून बदलत जातं. संत्र्यातलं लिमोनिन, लव्हेंडरमधलं लिनालूल ताजं असताना त्यामानाने सौम्य असतं. तेच हवेने जुनं झालं की तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडं अ‍ॅलर्जी आणणारी असतात. टी ट्रीचंही तसंच. म्हणजे गेल्या वर्षी चाललेलं तेल यंदा त्रास देऊ शकतं, आणि दोष मात्र साबणाच्या पाककृतीला जातो.

गडद काचेची छोटी बाटली घ्या. मोठी स्वस्त पडते खरी, पण ती अर्धी रिकामी होऊन महिनोन्महिने पडून राहते आणि रिकाम्या भागात हवा असतेच. उघडल्याची तारीख बाटलीवर मार्करने लिहा. लिंबूवर्गीय आणि टी ट्री फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर वर्षभरात संपवा. रबरी ड्रॉपर झाकण म्हणून लावून ठेवू नका, रबर विरघळत जातं. वासाला टर्पेंटाइनसारखी झाक आली तर ते तेल त्वचेसाठी संपलं. फ्रिजमध्ये ठेवताना मुलांच्या हाताला लागणार नाही असा डबा करा, सरबताच्या बाटल्यांशेजारी तर मुळीच नको.

६. मिसळण्याची रीत

इसेन्शियल ऑइल पाण्यात विरघळत नाही. गुलाबपाण्यात दहा थेंब टाकून बाटली हलवली की विरघळल्यासारखं दिसतं, मग सगळं वर येतं, आणि एखाद्या फवाऱ्यात निव्वळ तेल चेहऱ्यावर उडतं. पाण्याच्या उत्पादनात पॉलिसॉर्बेट २० सारखं विद्रावक लागतं, शिवाय प्रिझर्व्हेटिव्हही. 'टी ट्री घातलंय, वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह कशाला?' असं विचारतात. त्वचेला सोसेल एवढ्या प्रमाणात टी ट्री क्रीम टिकवू शकत नाही. आतून बुरशी धरते, वरून दिसतही नाही.

आंघोळीच्या बादलीतही हेच होतं. अभ्यंगस्नानाच्या कढत पाण्यात निलगिरीचे किंवा पेपरमिंटचे थेंब टाकले की ते वर तरंगतात आणि पहिल्या तांब्यासरशी डोळ्यात जातात.

थंडीत निफाडकडे खोबरेल दगडासारखं घट्ट होतं. अर्धवट वितळलेल्या खोबरेलात तेल घातलं तर एका डबीत जास्त, दुसरीत कमी असं होतं. आधी खोबरेल पूर्ण वितळवा, चाळीस अंशांच्या आसपास कोमट होऊ द्या, मग तेल घालून चांगलं ढवळा. उटण्यात तेल घालायचं असेल तर ते आधी मूठभर पिठात चोळून घ्या आणि ते पीठ बाकीच्यात चाळणीतून दोनदा मिसळा, नाहीतर गुठळ्या राहतात. कोल्ड प्रोसेस साबणात, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता केलेल्या साबणात, लवंग किंवा दालचिनीने मिश्रण झटक्यात आळतं, साच्यात ओतायलाही सवड मिळत नाही. कॉस्टिक सोडा हाताशी असताना अशी धांदल नको. हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांना गॉगल, आणि खिडकी उघडी.

७. लावून पाहणं

तयार उत्पादनच लावून पाहायचं, निव्वळ तेल कधीही नाही. निव्वळ तेलाने तपासणी करतानाच अ‍ॅलर्जी लागायची. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी सकाळ-संध्याकाळ लावा, आठवडाभर, जमल्यास दोन आठवडे. एक दिवसाची चाचणी पुरत नाही, कारण अशी अ‍ॅलर्जी बहुधा दोन-तीन दिवसांनी दिसते, आणि नवी अ‍ॅलर्जी तयार व्हायला त्याहून जास्त काळ लागतो. लाली, खाज, पुरळ, कातडी सोलवटणं, यातलं काही दिसलं की थांबायचं. 'विष बाहेर पडतंय, लावत राहा' असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

एकदा लागलेली अ‍ॅलर्जी बहुतेकांना जन्मभर पुरते. मग कळतं की लिमोनिन भांड्यांच्या साबणात आहे, फरशीच्या फिनाइलमध्ये आहे, बायकोच्या क्रीममध्ये आहे. चट्टे वारंवार येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी आणि पुन्हा चार दिवसांच्या सुमारास पाहतात. सोबत आपली उत्पादनं आणि त्यांची घटकयादी घेऊन जा.

८. अपघात झाला तर

कुणी तेल प्यायलं तर ओकारी काढू नका. ओकताना तेल फुप्फुसात गेलं तर दुखणं वाढतं. दूध, मीठपाणी वगैरे काही न देता बाटलीसकट थेट रुग्णालयात, गाडी नसेल तर १०८. 'अजून ठीक दिसतोय' म्हणून वाट पाहायची नाही. कापराची आकडी पाहता पाहता येते. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. अंगावर निव्वळ तेल सांडलं तर आधी खाण्याच्या तेलाने पुसा, मग साबणाने धुवा.

९. विकायचं असेल तर

साबण आणि क्रीम विक्रीसाठी बनवणं हे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० यांखाली येतं. परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. घरच्या ओट्यावर ते बसत नाही. म्हणून अनेक छोटे उद्योग परवानाधारक कारखान्यात आपलं उत्पादन बनवून घेतात. त्यासाठी लोन लायसन्सची सोय आहे. चौकशी आधी करा, लेबलं नंतर छापा. लेबलवर घटकयादी, बॅच नंबर, मुदत, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक लागतो. 'सोरायसिस बरा होतो' असं लिहिलंत की ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषधाचा दावा होतो.

युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याहून जास्त असलेली ठरावीक सुगंधद्रव्यं लेबलवर नावानिशी छापावी लागतात. आधी अशी २६ नावं होती, २०२३ साली यादी वाढून ऐंशीच्या पुढे गेली. आपल्या साबणावर 'यात लिमोनिन, लिनालूल, सिट्राल आहे' असं एका ओळीत लिहायला आपल्यालाही कुणी अडवलेलं नाही. ज्याला अ‍ॅलर्जी आहे, तो तेवढं वाचून वडी खाली ठेवेल.

प्रत्येक बॅचची नोंद ठेवा: तारीख, प्रत्येक तेलाचं ग्रॅममधलं वजन, पुरवठादार, तेलाच्या बाटलीचा बॅच नंबर. आणि त्या बॅचमधली एक वडी किंवा एक डबी न विकता, नंबर लिहून कपाटात ठेवून द्या. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन आला की 'ताई, मानेवर पुरळ आलंय', तर त्यांना वापर थांबवायला सांगून ती डबी आणि वहीचं ते पान त्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवता येतं.